पाम्पापासून

यास्नाने अर्धं निरीक्षण उचलून बाजूला ठेवलं आणि उरलेल्या अर्ध्यावरून संगणकाला पुन्हा चित्र काढायला लावलं.

दुपार होती. कंटेनरच्या खिडकीवर वारा वाळूच्या मुठी फेकत होता. रात्री काम करणारे जाड पडदे ओढून आपापल्या खोल्यांत झोपले होते, त्यामुळे वेधशाळेच्या तळावर दिवसासुद्धा कुणी मोठ्याने बोलत नसे. लोक एकमेकांच्या खोलीवरून मांजरासारखे जात.

पडद्यावर चित्र उमटलं. तरुण ताऱ्याभोवतीचं धुळीचं कडं, मध्ये काळोखाची फट आणि कड्याच्या डाव्या अंगाला तो ठिपका. गेले तीन महिने ती त्या ठिपक्यापायी डोंगर उतरली नव्हती. तिथे धूळ गोळा होऊन एक ग्रह जन्माला येतोय असं तिला वाटत होतं, आणि आता तिच्याबरोबर आणखी काही जणांनाही वाटायला लागलं होतं.

अर्धी माहिती काढून घेतल्यावर ठिपका फिकट व्हायला हवा होता. तो जास्त ठळक झाला होता.

तिने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मग उरलेल्यातली पुन्हा अर्धी माहिती बाजूला केली.

ठिपका आणखी ठळक झाला. आता तर त्याला नीट गोल कडा आली होती.

यास्ना खुर्चीत मागे रेलली. टेबलावरच्या फळीवर बुटांचं एक खोकं होतं. वर येताना कालामाच्या बाजारात घेतलेलं. तिने ते उगीचच खाली काढलं आणि झाकण उघडून एका छोट्या बुटाची टाच अंगठ्याने दाबली. तळव्यात लाल दिवे लुकलुकले. तिच्या लेकीने, आम्पारोने, हेच मागितले होते. शाळेत कुणा मुलीकडे होते म्हणे. खोलीत आता एवढाच काय तो जिवंत उजेड. तिने पुन्हा टाच दाबली. मग दुसऱ्या बुटाची.

या गटात एक शिरस्ता होता. कुणाला काही सापडलं की ते आधी ज्याचं त्याने मारून बघायचं. उलटं करायचं, तोडायचं, उपाशी ठेवायचं. तरीही जगलं तरच दुसऱ्यासमोर मांडायचं. मारणं ही शिकलेली गोष्ट होती आणि यास्ना त्यात तरबेज समजली जायची. या ठिपक्याला मात्र तिने इतके दिवस नुसतं पाळलं होतं.

तो जगला, तर शुक्रवारी सान्तियागोच्या सभेत गटाचे प्रमुख डॉक्टर लीयो तिच्या नावाने चित्र दाखवणार होते. आणि किनाऱ्यावरच्या विद्यापीठात एक जागा रिकामी होती, जिच्याबद्दल लीयोंचा शब्द चालायचा. ते विद्यापीठ यास्नाच्या आईच्या घरापासून सिटी बसने पोचण्याइतकं जवळ होतं. म्हणजे ठिपका जगला तर ती रोज संध्याकाळी घरी जाणार होती. हे सगळं एका ठिपक्यावर बसलेलं होतं, आणि तो ठिपका उपाशी ठेवला की बाळसं धरत होता.

*

मेसमध्ये संध्याकाळच्या चहाला पाच-सहा माणसंच होती, शंभरजणांच्या टेबलांवर विखुरलेली. उबाल्दो तिला बघून हात हलवू लागला. तो अँटेनांचा चालक, इकीके शहराचा, जाड मिशांचा. वरच्या पठारावरून खाली आला की त्याच्या गालांवर ऑक्सिजनच्या नळीचे वळ तासन्‌तास राहायचे.

"मेला का गं तुझा ठिपका, डॉक्टरीणबाई?"

"हळू बोल. लोक झोपलेत."

"मेला नसेल तर केक तुझ्याकडून. मी स्वयंपाकघरात सांगून ठेवलंय, रास्पबेरीचा."

"आणि मेला तर?"

"तर माझ्याकडून." त्याने पावाचा अर्धा तुकडा तोडून तिच्या ताटलीत ठेवला आणि वर एवोकाडो थापला. "मयताला पण खायला लागतंच ना काहीतरी."

ती हसली. पाव हातात घेऊन तशीच बसली.

"ज्या रात्री आपण तो तारा बघितला," तिने विचारलं, "तेव्हा वारा होता ना?"

"होता म्हणजे? पूर्वेकडच्या अँटेना मीच तर आडव्या करून ठेवल्या. मोडल्या असत्या, तर तुमच्या साहेबांनी मला त्याच लोखंडाला टांगलं असतं." तो चहा ढवळू लागला. "का? कमी पडलं का काही?"

"कमी पडलं," यास्ना म्हणाली. "कमी पडलं तरी दिसतंय."

"मग बरंच की!"

तिने पाव खाल्ला. तिच्या डोळ्यांपुढे आम्पारो होती, याच वेळी आजीच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. दोन घट्ट वेण्या. पावावरचा टोमॅटो बोटाने बाजूला सारणारी. पाय स्टुलाच्या दांडीला न पोचणारे. इतकी स्पष्ट, की तिच्या कोपरावरची खपलीसुद्धा दिसावी.

"लेकीला टोमॅटो चालत नाही," ती म्हणाली.

"हं?"

"काही नाही. आम्पारोला. टोमॅटो चालत नाही."

उबाल्दोने तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या पुढ्यातलं मीठ तिच्याकडे सरकवलं.

*

फोन लागला, पण वारा असला की चित्र तुटायचं. आम्पारोचं कपाळ एका चौकोनात, हनुवटी दुसऱ्या, मध्ये राखाडी.

"आई, तू अडकलीस."

"मी नाही गं, तू अडकलीस."

"नाही, तूच. तुझं तोंड उघडं राहिलंय." मागे भांड्यांचा आवाज. "तू शनिवारी येणार?"

"येणार."

"आजी म्हणते, तू म्हणालीस म्हणून तू येशीलच असं नाही."

"अगं ए! मी कधी म्हटलं?" मागून नेल्दाचा, आजीचा, आवाज आला.

"म्हटलंस. बटाटे सोलताना."

"ही पोरगी भिंतीला कान लावून बसते. यास्ना, ऐकतेस ना? जेवतेस का नीट? तुझा आवाज खोल विहिरीतून येतोय."

"जेवते आई. शनिवारी नक्की येते. आम्पारो, तुझ्यासाठी काहीतरी आणलंय."

"काय?"

"सांगितलं तर काय मजा? बरं, रात्री सशाला जवळ घेऊन झोपतेस ना?"

चौकोन जागच्या जागी थांबले. अर्धा डोळा, एक कान. यास्ना वाट पाहत राहिली. मग आवाजही गेला, आणि पडद्यावर तिचा स्वतःचाच चेहरा उरला, खरंच तोंड उघडं राहिलेला.

उत्तर आलं नव्हतं. तरी कंटेनरकडे चालताना तिला दिसत होतं ते असं: चादरीखाली कुशीवर वळलेली आम्पारो, हनुवटीखाली तो फाटक्या कानाचा कापडी ससा. वाऱ्याने तिचे डोळे पाणावले. ज्वालामुखीच्या शेंड्यावर अजून ऊन होतं, खाली सगळं निळं पडत चाललं होतं.

दार ढकलून आत आल्यावर ती बसली नाही. भिंतीसमोर उभी राहिली.

भिंतीवर उन्हाळ्यात निरखलेल्या दुसऱ्या एका ताऱ्याचं चित्र चिकटवलेलं होतं. त्या ताऱ्यावर सगळ्यांचं एकमत होतं, ते छापूनही आलं होतं. त्यालाही एक कडं. आणि कड्याच्या डाव्या अंगाला एक ठिपका.

तिने पडद्याकडे पाहिलं. पुन्हा भिंतीकडे. मग खुर्ची ओढली.

*

पठारावरच्या अँटेनांना आकाशाचं सबंध चित्र कधीच मिळत नाही. तुकडे मिळतात, तेही खरखरीत भिजलेले. त्या तुकड्यांशी जुळतील अशी हजारो चित्रं काढता येतात. मग त्यातलं कुठलं धरायचं? ज्या रीतीने यास्ना काम करायची तिला पुस्तकात कमाल एन्ट्रॉपी असं भारदस्त नाव होतं, पण तिचं म्हणणं साधं होतं. जे हाती आलंय त्याच्याशी जुळणाऱ्या सगळ्या चित्रांतलं असं एक निवडायचं, जे आपल्या पदरचं कमीत कमी सांगतं. माहिती बोलेल तिथे चित्राने उठावं. माहिती गप्प असेल तिथे त्याने सपाट राहावं. ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणू नये.

त्यासाठी सुरुवातीला संगणकाला एक अपेक्षेचं चित्र द्यावं लागतं: काहीच कळलं नाही तर असं समज. ते चित्र कोरं असतं, सगळीकडे सारखं. उत्तरेकडची ही माणसं त्याला पाम्पा म्हणत. खिडकीबाहेरचं सपाट वाळवंट होतं तसंच, ना झाड ना झुडूप. "पाम्पापासून चालवलंस ना?" असं एकमेकांना विचारायची पद्धत होती, जेवलास ना म्हणतात तसं.

पाम्पापासून चालवलं की संगणक फार वेळ घ्यायचा. इथल्या उन्हाळ्यात, जानेवारीत, कामाची पाळी संपायच्या घाईत यास्नाने त्याला सांगून ठेवलं होतं की दर वेळी सपाटीवरून चढू नको, मागचं पूर्ण झालेलं चित्र घे आणि तिथून चालायला लाग. त्यात वावगं काही नव्हतं. चाल कुठूनही सुरू केली तरी मुक्काम तोच. पण जिथून निघायचं ते चित्र आणि ज्याची अपेक्षा धरायची ते चित्र, दोन्ही तिने एकाच ओळीत देऊन टाकली होती. एक बदललं की दुसरं आपोआप बदलत होतं.

ती ओळ तिने आता शोधून काढली. पाम्पाच्या जागी उन्हाळ्यातला तारा बसलेला होता.

म्हणजे वाऱ्यामुळे अँटेना आडव्या ठेवल्या गेल्या, डाव्या बाजूची माहिती गप्प झाली, आणि संगणकाने सांगितल्याप्रमाणे मुकाट्याने तिथे जुना ठिपका ठेवला. माहिती होती तोवर फिकट. फिकट होता म्हणूनच तर विश्वास बसला होता. जितकं कमी कळावं तितका तो स्पष्ट होत गेला.

तिने ओळ दुरुस्त केली. पाम्पा लिहिला. चालव असं सांगितलं आणि हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने दार वाजलं. उबाल्दो पठारावर जायच्या तयारीत होता, अंगात जाड जाकीट, हातात थर्मास.

"मेला?"

तिने खुर्ची थोडी बाजूला सरकवली. पडद्यावर कडं होतं, मध्ये फट होती. डाव्या अंगाला काही नव्हतं. मऊ, एकसारखी धूळ.

उबाल्दो वाकून बघत राहिला. जाकिटाचा सळसळाट थांबला.

"माझ्या वाऱ्यामुळे?"

"वाऱ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

"पण तिथे नाहीच, असं कशावरून? असेलही."

"असेलही."

"मग?"

"मग काही नाही. असेलही, एवढंच."

त्याने थर्मासचं झाकण काढलं, त्यात चहा ओतला आणि तिच्यापुढे ठेवला. जाताना दार त्याने इतकं हलक्या हाताने लावलं, की कुलपाची जीभ बसल्याचासुद्धा आवाज आला नाही.

*

लीयोंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, त्यावरूनच त्यांना केवढं लागलंय ते तिला कळलं.

"यास्ना, तुम्ही दमलेल्या आहात," ते म्हणाले. "किती दिवस झाले खाली उतरून?"

"शाळा सुरू झाली तेव्हा गेले होते."

"मार्चमध्ये! बाई, अशाने माणसाला स्वतःवरच शंका यायला लागते." मग जरा थांबून, "माहिती ठिपका नाही असं म्हणते का?"

"नाही म्हणत."

"बघा! मग 'शक्यता' म्हणून दाखवू. शक्यता म्हणायला कुणाची हरकत?"

"माहिती आहे असंही म्हणत नाही, डॉक्टर. ती काहीच म्हणत नाहीये. म्हणतेय ती मी."

पलीकडे कुणीतरी दार उघडून काही विचारलं आणि लीयोंनी त्याला नंतर ये म्हटलं. यास्ना बुटाच्या खोक्यावरची कागदी पट्टी नखाने उचकटत होती.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, त्या जागेसाठी आणखी एक जण आहे?" लीयो शेवटी म्हणाले. रागाने नाही.

"ठाऊक आहे."

"ठीक. घरी जा. लेकीला भेटा."

शुक्रवारी सभेत दुसऱ्याच कुणाचं चित्र लागलं. यास्ना तेव्हा बॅग भरत होती. कपडे पटकन संपले. बुटांचं खोकं तिने मधोमध ठेवलं आणि भोवती स्वेटर कोंबले.

*

कोकिम्बोच्या चढावरच्या आईच्या घरात मासळीचा आणि भाजलेल्या पावाचा वास एकत्र येत होता. दार आम्पारोनेच उघडलं आणि दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

तिचे केस कापलेले होते, कानांच्या वर. समोरचा एक दात नव्हता.

"दात!" यास्ना म्हणाली.

"कधीच पडला! फोनवर दाखवला होता ना. तू ओह म्हणालीस."

यास्नाला तो ओह आठवेना. चौकोन आठवले. तिने खाली बसून लेकीला जवळ ओढलं, तेव्हा हनुवटी जिथे टेकेल असं तिला वाटलं होतं तिथे टेकली नाही. आम्पारोचं डोकं तिच्या ओठांवर आपटलं. केसांना वेगळ्याच साबणाचा वास होता.

टेबलावर नेल्दाने पाव, चीज आणि मीठ लावलेले टोमॅटो मांडले होते. आम्पारोने तीन फोडी पावावर रचल्या आणि दोन्ही हातांनी दाबून खायला लागली.

"अशी काय बघतेस?" नेल्दा म्हणाली. "खाते ती आता. हवेत म्हणून रडते."

"आणि ससा?"

"कुठला ससा?" आम्पारोने तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

"शेजारच्या बाळाला दिला ना गं, तूच!" आजीने आठवण करून दिली. मग लेकीकडे वळून, आवाज खाली आणून, "त्या नोकरीचं?"

"पुढे बघू, आई."

नेल्दाने तिच्याकडे रोखून पाहिलं. विचारायचं ते सगळं तिच्या भुवयांत जमलं होतं. पण तिने फक्त चहाची किटली उचलली आणि यास्नाचा कप काठोकाठ भरला.

"ते काहीतरी आणलंयस ना," आम्पारो म्हणाली, "ते काय?"

खोकं उघडल्यावर ती किंचाळलीच. जमिनीवर फतकल मारून तिने एका दमात मोजे सारखे केले, बुटात पाय घातला, ओढला, टाच आत कोंबली. चेहरा लाल झाला. मग दुसरा. उठून ती दारापर्यंत गेली आणि परत आली. प्रत्येक पावलाला दिवे लुकलुकत होते. ती टाचा दाबून, गुडघे न वाकवता चालत होती.

"बसले?" यास्नाने विचारलं.

"बसले."

"दुखत नाही ना?"

"नाही." ती पुन्हा दारापर्यंत गेली. या वेळी भिंतीला हात धरून. वळताना थांबली. "चालताना नाही दुखत. उभं राहिलं की जरा."

यास्ना खुर्चीवरून उतरून तिच्यापुढे जमिनीवर बसली. तिने बंद सोडले, टाच दोन्ही हातांत धरून अलगद बूट काढला. मोज्याच्या आत बोटं एकमेकांवर चढून बसली होती. तिने मोजाही काढला. बोटं हळूहळू एकेक करून सुटी झाली. पाय लांब, सडपातळ होता. करंगळीजवळ एक नवा फोड बरा होत आलेला, कधी झाला कुणास ठाऊक.

"ते परत करशील?" आम्पारोचा आवाज बारीक झाला.

"बदलून आणू. दिव्यांचेच."

"नक्की? आजी म्हणते..."

"आम्पारो," नेल्दा म्हणाली.

यास्नाने टेबलावरून पावाची रिकामी पिशवी ओढून घेतली. ती दोन्ही बाजूंनी फाडली, उलगडली आणि तळहाताने घासून घासून फरशीवर सपाट केली. चुरा झटकला. फ्रिजवरची पेन्सिल आईने न मागताच तिच्या हातात दिली.

"पाय ठेव इथे."

"का? माझा नंबर नाही माहीत तुला?"

"नाही," यास्ना म्हणाली. "नाही माहीत."

आम्पारोने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग तिच्या खांद्यावर एक हात टेकून तिने कोऱ्या कागदावर पाय ठेवला, सगळं वजन देऊन, बोटं पसरून. यास्ना खाली वाकली. पेन्सिल टाचेपाशी टेकवली आणि कडेकडेने वर नेऊ लागली, घाई न करता, कातडीला चिकटून.

"गुदगुल्या होतात."

"हलू नको हं, राणी."

"मी कुठे हलतेय?" आम्पारो वरून म्हणाली. "तूच हलतेयस."